अडकलेला मध्यम आणि पिवळा क्रेयॉन

आमच्या शाळेतल्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, मध्यम अडकतो. मध्यम म्हणजे सा रे ग म मधला म, पेटीवर पांढरी चार, चौथी पांढरी पट्टी. दाबली की खाली जाते आणि तिथेच बसते, मग भाता चालू असेपर्यंत रेकत राहते, नख घालून वर ओढावी लागते. पावसाळ्यात तर विचारूच नका, मुंबईची हवा अशी की लाकूड फुगतं, दारं लागत नाहीत, तिथे पेटीच्या पट्ट्यांचं काय घेऊन बसलात. दोन वर्षांत तीनदा दुरुस्तीचा अर्ज दिला. तिन्ही अर्ज फाईलला व्यवस्थित लावलेले आहेत, हे मी स्वतः बघितलंय.

आधीच सांगते, मी संगीताची शिक्षिका नाही. तिसरीची वर्गशिक्षिका आहे, मराठी माध्यम, पटावर ३८ मुलं. गणित, मराठी, परिसर अभ्यास सगळं मीच, आणि आठवड्याला कलेचे दोन तास असतात तेही मीच घेते कारण लहानपणी गांधर्वच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमा प्रथमपर्यंत दिल्यात हे मी नोकरीला लागताना उत्साहात सांगून बसले होते. तेव्हापासून १५ ऑगस्टचं गाणं, २६ जानेवारीचं गाणं, गॅदरिंग, पाहुण्यांचं स्वागतगीत, सगळं माझ्या गळ्यात. अक्षरशः.

तर मध्यम अडकला की काय होतं, बहुतेक गाणी बंद पडतात. सा म्हणजे गाण्याचा पायाचा सूर, तो बदलून बघितला. काळी एकला सा धरला तर तीच नालायक पट्टी गंधार, म्हणजे ग, होऊन आडवी येते. पांढरी पाचला गेलं तर ती कोमल निषाद, म्हणजे उतरलेला नी, होते, ती फारशी लागत नाही, पण मग मुलांच्या गळ्याचा प्रश्न. खालची पांढरी पाच घेतली तर वर्ग नुसता घुमतो, सूर ऐकूच येत नाही, आणि वरची घेतली तर किंचाळतात. शेवटी एका शनिवारी भाजी निवडताना सुचलं की सा पांढरी एकलाच राहू दे, मध्यम नसलेला रागच शिकवू या ना. भूप राग. सा रे ग प ध, म आणि नी वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. थोडक्यात तिसरीचा संगीताचा अभ्यासक्रम एका फुगलेल्या लाकडाने ठरवला.

आता टेक्नॉलॉजी. वर्गात भिंतीवर मोठा टच पॅनल आहे, गेल्या वर्षी बसला, नारळ फोडला, फोटो काढले. तो चालू केला की पासवर्ड मागतो. पासवर्ड बसवणाऱ्या माणसाकडे आहे आणि तो माणूस फोन उचलत नाही. सध्या पॅनलच्या कोपऱ्याला पावसात रेनकोट लटकतात, त्या कामाला उत्तम आहे. त्यामुळे माझी टेक्नॉलॉजी म्हणजे माझा स्वतःचा फोन, माझाच डेटा, आणि लेकाचा जुना ब्लूटूथ स्पीकर.

सुरुवात तानपुऱ्याच्या ॲपने केली. पट्टी पांढरी एक, पहिली तार पंचम, म्हणजे प, लावलं आणि टेबलावर ठेवलं. म्हटलं मुलं शांत होतील, डोळे मिटतील वगैरे. दोन मिनिटं झाल्यावर दुसऱ्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, गाणं कधी सुरू होणार?" बरोबरच आहे. या मुलांनी आयुष्यात तानपुरा ऐकलेलाच नाही, त्यांच्यासाठी हे म्हणजे गाण्याआधीचं म्युझिक जे संपतच नाहीये.

तानपुऱ्याच्या ॲपवरून लॉकडाऊन आठवलं. तेव्हाही मी हौसेने व्हिडिओ कॉलवर हाच प्रयोग केलेला, कॅमेऱ्यासमोर ॲप लावून गायला बसले, आणि मुलांचे पालक म्हणतात तानपुरा ऐकूच येत नाही. नंतर कळलं की कॉलच्या ॲपमध्ये आजूबाजूचा आवाज गाळायची सोय असते, पंखा, मिक्सर, रस्त्याचा गोंगाट असा जो आवाज एकसारखा चालू राहतो तो ती कापते. आणि तानपुरा दुसरं काय करतो, एकसारखा चालूच राहतो की. म्हणजे आपल्या अख्ख्या संगीताचा जो पाया, तो त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला पंख्यासारखा वाटला. शिवाय सगळ्यांनी मिळून गायचं म्हटलं तर प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचणार, एक कडवं सव्वीस घरांमधून गळत गळत येणार. २०२१ च्या डिसेंबरात शाळा उघडल्या तेव्हा मुलांना पहिलं काय करायला लावलं असेल तर एकत्र टाळी वाजवायला. एकदम, एका वेळी. अंगावर काटा आला होता खरं सांगते.

असो. तर भूप ठरला आणि मग मला क्रोम म्युझिक लॅब सापडली. गुगलची आहे, २०१६ पासून आहे, फुकट आहे, लॉगिन नाही, ॲप टाकावं लागत नाही, ब्राउझरमध्ये उघडते. फोनवरही चालते. त्यात साँग मेकर म्हणून एक आहे. चौकटींचा कागद असतो तसा पडदा, आडवा काळ, उभे सूर, खालून वर चढत जाणारे. चौकटीला बोट लावलं की रंग भरतो आणि तो सूर वाजतो. सा लाल, रे नारिंगी, ग पिवळा, ध जांभळा असं. आणि सगळ्यात खाली ठेक्यासाठी दोन ओळी.

सेटिंगमध्ये गेले आणि खुर्चीतच सरळ झाले. एक म्हणजे त्यात सप्तकाच्या जागी पाच सुरांचा पर्याय आहे, पेंटाटॉनिक. पांढरी एकपासून लावला की येतात ते सूर म्हणजे हुबेहूब भूपाचे पाच. दुसरं म्हणजे तो उघडतानाच चार खंड आणि प्रत्येकी चार मात्रा असा उघडतो. सोळा. अहो सोळा मात्रांचा तीनताल आहे हा! करणाऱ्याच्या डोक्यात तीनताल नसणारच, त्याने आपलं चार चोक केलं असेल, पण माझ्या फोनवर भूप आणि तीनताल तयार मांडून ठेवल्यासारखे आले आणि माझी पेटी मात्र अजून मध्यमावर अडकलेली.

पहिला तास फसला. सांगितलं ना स्पीकर ब्लूटूथचा होता. एक मुलगा फोनवर बोट लावतोय आणि आवाज येतोय नंतर, बाकीची मुलं पडद्याकडे बघून टाळी देतायत आणि स्पीकर म्हणतोय थांबा. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, पाठवला जातो, पलीकडे पुन्हा उलगडला जातो, यात पाव सेकंदाच्या आसपास सहज जाऊ शकतो. सिनेमा बघताना चालतं कारण तिथे चित्र मुद्दाम तेवढंच मागे ठेवतात. पण साँग मेकरची लय मिनिटाला १२० मात्रांची असते, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक मात्रा, आणि त्यात पाव सेकंद उशीर म्हणजे बरोब्बर अर्धी मात्रा. नुसतं बेताल झालं असतं तर कळलं असतं पटकन. इथे प्रत्येक टाळी दोन मात्रांच्या नेमकी मध्ये पडत होती, मुलं बिचारी गोंधळून एकमेकांकडे बघतायत, आणि मी त्यांच्यावर ओरडतेय की लक्ष द्या. लाज वाटते आता. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या टपरीवरून साधी ऑक्सची वायर घेतली, प्रश्न संपला.

दुसऱ्या तासापासून गाडी रुळावर. आठ-आठचे गट, एक गट फोनपाशी, बाकीचे बाकांवर ठेका धरायला. आणि मग जे व्हायचं तेच झालं, पोरांनी चित्रं काढली. घर. बदाम. एकाने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर, काना मात्रेसकट. एकीने गणपती काढायचा प्रयत्न केला आणि सोंड चौथ्या खंडात गेली. आणि गंमत बघा, सगळं छान वाजलं. घर पण छान, बदाम पण छान, सोंड पण छान. कारण त्या पाच सुरांत असं काही नाहीच जे एकमेकांना टोचेल. दर वेळी टाळ्या, दर वेळी "बाई, मी गाणं बनवलं".

दोन आठवडे मीही खूष होते, पालकांच्या ग्रुपवर लिंका टाकल्या, बदाम आले. मग एक दिवस एका मुलीला म्हटलं, तू बनवलेलं गाऊन दाखव. ती माझ्याकडे बघत राहिली. गाऊन म्हणजे? तिला सुचेचना मी काय विचारतेय. तिने चित्र काढलेलं, वाजवलं यंत्राने, तिच्या गळ्याचा यात कुठे संबंधच आला नव्हता. माझा तास संगीताचा नव्हताच, चित्रकलेचा होता, फक्त चित्रं वाजत होती.

त्या दिवसापासून वर्गात एक नियम आहे, आधी गळा मग डबा. (चौकटींना मुलं डबे म्हणतात.) चार सुरांची ओळ आधी गायची, सगळ्यांनी ती परत म्हणायची, मग ती डब्यांत भरायची, आणि मग फोन वाजवेल तेव्हा ऐकायचं की आपण म्हटलं तेच आलं का. आठातले सहा जण पहिल्यांदा चुकतात. ग म्हणतात आणि रे भरतात. मग पुन्हा गातात, बोटाने हवेत उंची दाखवतात, पुन्हा भरतात. मला वाटतं या पुन्हा-पुन्हामध्येच काय ते शिकणं होतं, बाकी सगळी करमणूक. करमणुकीला माझी हरकत नाही, पण पस्तीस मिनिटांचा तास असतो हो.

आमच्या शेजारच्या वर्गातल्या बाई, माझ्याहून मोठ्या आहेत, मायेने बोलतात पण टोचून बोलतात, त्या एकदा म्हणाल्या, "अगं, मोबाईलवर कुठे गाणं शिकवतात का? पेटी घे, पेटीवर शिकव, आपली परंपरा आहे." मी म्हटलं ताई, पेटी आपली कधीपासून? ती युरोपातून आली, फ्रान्समध्ये १८४० च्या सुमाराला तिचं पेटंट घेतलं गेलं, पायाने मारायचा भाता होता तो आपल्याकडे हाताचा झाला आणि ती मांडी घालून बसायला शिकली एवढंच. आणि आकाशवाणीने १९४० साली हीच पेटी बंद केली होती, ३१ वर्षं, १९७१ पर्यंत. कारण काय तर तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) निघत नाहीत, आपलं संगीत तिच्यामुळे बिघडेल. आज मोबाईलबद्दल ताई जे म्हणतायत ते तेव्हा पेटीबद्दल मोठमोठे लोक म्हणत होते. ताई म्हणाल्या, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," आणि डब्यातली शेवग्याची शेंग दिली.

पण घरी जाताना लोकलमध्ये विचार करत होते की ते मोठमोठे लोक चूक होते का? मींड निघत नाही हे खरंच आहे की. आणि साँग मेकरमध्येही निघत नाही. एक डबा, एक सूर, मध्ये काहीच नाही.

हे मुलांना दाखवायचं कसं, ते मला भंगारवाल्याने शिकवलं. त्याच लॅबमध्ये स्पेक्ट्रोग्राम आहे, फोनचा माईक चालू करायचा, आणि जो आवाज येईल तो पडद्यावर रंगीत रेघांनी सरकत जातो, खालचा आवाज खाली, वरचा वर. आमची शाळा रुळाला लागून, चिंचपोकळी-करी रोडच्या मधे कुठेतरी असं समजा, दर तीन मिनिटांनी लोकल. मी माईक चालू करून मुलांना म्हटलं गप्प बसा, बघू काय दिसतं. लोकलचा भोंगा आला. पडद्यावर एकावर एक सरळ आडव्या रेघा, जशा रुळाच्याच. "बाई, ट्रेन दिसली!" मग शिट्टी, मग पट्टी बाकावर आपटून (ती उभी रेघ दिसते, वरपासून खालपर्यंत), मग एकाने ढेकर काढली, तीही दिसली, ती कशी दिसली हे विचारू नका.

आणि तेवढ्यात खाली गल्लीत भंगारवाला आला. त्याची ती हाक माहितीये ना, सुरुवात खालून, मग जी चढत जाते, वर जाऊन थरथरते आणि गळून पडते. पडद्यावर ती एक लांब वळणदार रेघ उमटली, घसरगुंडीसारखी, कुठेही न तुटता. सगळा वर्ग चूप. मी लगेच पेटी ओढली आणि प, ग, रे, सा वाजवलं. पायऱ्या. चार सुट्या पायऱ्या. मग मी गायले, प वरून ग वर ओढत, मध्ये न सोडता, माझ्या मध्यमा प्रथमच्या गळ्याने जमेल तसं. घसरगुंडी. खिडकीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, तुम्ही भंगारवाल्यासारखं गाता." एवढी मोठी दाद मला आजपर्यंत मिळालेली नाही.

यानंतर महिनाभर त्यांना येताजाता मींड दिसायला लागली. शिट्टी मारून गेलेला कुकर, मांजर, "जाऊ द्या नाऽऽ बाई" म्हणतानाचा स्वतःचाच आवाज.

त्याच पडद्यावर अजून एक गोष्ट झाली जी मला स्वतःला आयुष्यात पहिल्यांदा कळली. माझ्या तानपुऱ्याच्या ॲपमध्ये तारा सुट्या करता येतात. बाकीच्या बंद करून फक्त खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार, वाजवला, लेकाच्या दुसऱ्या जुन्या फोनवर स्पेक्ट्रोग्राम. एकच तार, पण रेघा किती! खालून मोजायला लावलं. पहिली सा. दुसरी त्याच्या दुप्पट कंपनांची, ती वरचा सा. तिसरी तिप्पट, ती पंचम. चौथी परत सा. आणि पाचवी? पेटीवर शोधत शोधत पोचलो तर गंधार. कुणी लावलेला नाही, तारेतच असतो. लहानपणी गुरुजी म्हणायचे तंबोऱ्यात गंधार आपोआप बोलतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, मी मान डोलवायचे आणि मला कधीही, एकदाही ऐकू आला नव्हता. परीक्षेत लिहून मात्र आले होते. पन्नाशीला टेकल्यावर तो मला आधी दिसला आणि मग ऐकू आला. एकदा ऐकू आला की बंद होत नाही बरं का, आता कुठलीही मैफल लागली की मला आधी तोच.

एका मुलीचं म्हणणं पडलं की पेटीवरचा ग आणि तानपुऱ्यातला ग एकत्र वाजवले की "व्वाँव्वाँ" होतं. मी म्हटलं पेटी जुनी आहे. घरी येऊन आकडे मांडले तर पोरगी बरोबर. पांढरी एकचा खर्ज १३०.८ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं), त्याच्या पाचपट ६५४. आणि पेटीची ती गंधाराची पट्टी नवी असती तरी ६५९ च्या आसपास, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. दोघांत पाचाचा फरक, म्हणून सेकंदाला पाच हेलकावे. आकाशवाणीने ज्यावरून पेटीवर बंदी घातली ते आठ वर्षांच्या मुलीने व्वाँव्वाँ एवढ्या शब्दात सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला वर्गासमोर सांगितलं की तू बरोबर होतीस आणि बाई चुकल्या. तेव्हापासून काही झालं की पोरं म्हणतात "पेटी चुकतेय बाई", अगदी स्वतः बेसूर गायले तरी.

बेसूरवरून. हे लिहावं की नाही विचार करत होते. वर्गात एक मुलगा आहे, आवाज खालचा, जाडसर. १५ ऑगस्टच्या गाण्याला मी त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि हळूच म्हटलं, तू नुसते ओठ हलव. तो मान हलवून गेला. आपण बोलून जातो. मलाही चौथीत कुणीतरी असंच म्हटलं होतं आणि ते मला अजून आठवतं, तरी मी म्हटलं.

सप्टेंबरात ट्यूनर आणला, म्हणजे फोनवरचंच सूर ओळखणारं ॲप, गिटारवाले वापरतात ते. एकेकाने सा लावायचा, काटा कुठे जातो बघायचा. त्याने लावला. काटा गेला पांढरी पाचवर, खालच्या. आणि तिथे थांबला. इकडेतिकडे हललाच नाही. बाकीच्या मुलांचा काटा पाखरासारखा उडत होता, अगदी माझासुद्धा थोडा, आणि याचा खिळा ठोकल्यासारखा. मग रे लावायला सांगितला, काटा बरोब्बर एक सूर वर. म्हणजे तो पूर्ण वेळ सुरातच होता, वर्गाच्या तीन सूर खाली, त्याच्या गळ्याला जिथे सोपं पडतं तिथे, आणि मी त्याला गप्प केलं होतं कारण माझा कान फक्त पांढरी एकला लावलेला होता.

मग त्याच्यासारखे अजून चौघं निघाले. त्या पाच जणांसाठी तानपुरा पांढरी पाचला लावते आणि त्या पट्टीत भूप घेतला तरी ती अडकलेली पांढरी चार लागतच नाही, हा पेटीचा उपकार. २६ जानेवारीला तो पुढच्या रांगेत होता. आईने फोटो पाठवला, फोटोत तोंड एवढं उघडलंय की पडजीभ दिसते.

फोन रोज मिळतो असं नाही. कधी चार्जिंग नाही, कधी जनगणना, निवडणूक, कसली ना कसली माहिती भरायची म्हणून तो माझ्याच कामात अडकलेला. म्हणून एक दिवस गणिताच्या चौकटीच्या वह्या काढायला लावल्या. आडवे सोळा डबे मोजा, उभे पाच. क्रेयॉन काढा. झालं साँग मेकर, बॅटरी लागत नाही. वाजवायचं गळ्याने, त्यामुळे नियमही आपोआप पाळला जातो. आणि कागदावर एक गोष्ट करता आली जी फोनमध्ये नव्हती. साँग मेकरला सोळाही मात्रा सारख्याच, सम (तालाची पहिली मात्रा) कुठली आणि खाली (जिथे टाळी द्यायची नाही ती) कुठली त्याला काही पडलेली नाही. आम्ही डब्यांच्या वर खुणा केल्या, पहिलीवर फुली, नववीवर शून्य, पाचवीवर २, तेरावीवर ३. भातखंड्यांची पद्धत. हे भातखंडे आपल्या वाळकेश्वरचे, १८६० चा जन्म, वकील माणूस, आणि गळ्यातल्या गळ्यात राहणाऱ्या बंदिशी गोळा करून त्यांनी कागदावर अशाच खुणांनी उतरवल्या. तेव्हा कागदावर गाणं म्हणजेच केवढी नवी टेक्नॉलॉजी असेल! मुलांना यातलं फक्त वाळकेश्वर आवडलं कारण तिथे एकाची मावशी राहते.

तर या वह्या. जानेवारी संपता संपता तक्रारी सुरू झाल्या, बाई माझा पिवळा संपला. बाई याने माझा पिवळा घेतला. बाई ही पिवळा देत नाही. मला वाटलं भांडायला काहीतरी हवंच असतं यांना. मग शुक्रवारी वह्या तपासायला घरी आणल्या, पानं उलटत गेले, लाल बऱ्यापैकी, जांभळा थोडा, नारिंगी येऊन जाऊन, आणि प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीत, मध्ये मध्ये सगळीकडे पिवळा. ग. येऊन थांबायला ग, वरून उतरताना ग, काही सुचलं नाही तरी ग. मी त्यांना भूपाची चार चलनं, म्हणजे सुरांच्या छोट्या ओळी, शिकवली होती फक्त, राग बिग काही बोलले नव्हते. आणि मला एकदम ती मध्यमेची वही आठवली, निळ्या शाईतलं, घोकलेलं, "राग भूप, वादी गंधार, संवादी धैवत". वादी म्हणजे रागातला सगळ्यात महत्त्वाचा सूर, संवादी त्याच्याखालोखालचा, आणि धैवत म्हणजे ध, आमचा जांभळा. त्या जांभळ्याकडे परत बघितलं. पिवळ्याखालोखाल तोच होता की, मघाशी थोडा वाटला तो लालच्या शेजारी होता म्हणून.

वादी म्हणजे काय हे मला तोंडपाठ होतं, पण ते असं क्रेयॉनने झिजतं हे माहीत नव्हतं.

सोमवारी मुलांना वह्या एका रांगेत उघड्या मांडून लांबून बघायला लावल्या. कुणी काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून, सॉरी, आता पुढच्या रांगेतून तो जाड आवाज, "बाई, सगळं पिवळंच आहे."

रात्री पालकांच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज, "बाई, पिवळा क्रेयॉन सुटा कुठे मिळतो का? दुकानदार अख्खं पाकीट घ्या म्हणतो, बाकीचे तसेच पडलेत." खाली तिघींनी अंगठे दिलेत. चौथा अर्ज उद्या देते, त्यात पेटीबरोबर बारा पिवळे क्रेयॉनही लिहिलेत.